बिनधास्त बोला

आपला फोन वाजावा म्हणून त्या बाईने देव पाण्यात ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. टी-शर्ट छापायचं दुकान तिचं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तीत एक गरम प्रेस, एक अक्षरं कापायचं यंत्र आणि कोऱ्या टी-शर्टांचे गठ्ठे. आलेल्या माणसाला त्या गठ्ठ्यांवरच बसावं लागे. एक नग असला तरी छापून मिळेल, तुम्ही सांगाल ते छापून मिळेल, आणि काम एकदम चोख. पण हे लोकांना कळणार कसं? तिने पत्रकं वाटली, ती लोकांनी पुढच्याच वळणावर टाकली. मोबाईलवर फोटो टाकले, तर वा वा करणारे सगळे नातेवाईक. आणि नातेवाइकांचं तुम्हाला माहीतच आहे, कौतुक तोंडभर आणि टी-शर्ट फुकट!

मग तिच्या डोक्यात आलं, की माणूस रस्त्याने जातो तेव्हा मागच्याला त्याची पाठच दिसते. एवढी मोठी पाटी फुकट हिंडतेय आणि आपण पत्रकं कसली वाटतोय? झालं, बाई कामाला लागली. पिवळे धमक टी-शर्ट, पाठीवर ठसठशीत अक्षरांत ‘बिनधास्त बोला!’, त्याखाली ‘मनात असेल ते छापून देऊ’, आणि त्याखाली तिचा फोन नंबर. हे टी-शर्ट तिने पेपरवाल्याला दिले, कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला दिले, व्यायामशाळेतल्या पोरांना दिले. फोन आला की हॅलो म्हणायचं नाही, थेट ‘बिनधास्त बोला!’ म्हणायचं, हेही ठरवलं. भाजी निवडतानासुद्धा तिची तालीम चालू असायची.

राहता राहिला नवरा. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. दिवसभर स्कूटरवरून या दुकानातून त्या दुकानात. जाहिरातीला याच्याइतकी चांगली पाठ गावात दुसरी नव्हती, पण पाठीचा मालक पडला भित्रा. कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारा, हॉटेलात चहा गार आला तरी गुपचूप पिणारा. त्याचं एक ठरलेलं उत्तर होतं, ‘आलोच’. जेवायला बोलवा, आलोच. कुणी भांडायला दारात आलं, आलोच. आणि मग तासभर पत्ता नाही. दुकानदारांनी त्याचं नावच ‘आलोच’ पाडलं होतं.

“अंगावर नंबर घालून फिरायला मी काय रिक्षा आहे?” तो म्हणायचा.

त्याच्यासाठी ठेवलेला टी-शर्टही जरा बिघडलेलाच होता. प्रेस खाली आणताना तिचा हात हलला आणि नंबरातला शेवटचा सात तिरपा बसला. असलं काम परक्याला द्यायचं नसतं, म्हणून तो घरी राहिला. शेवटी एका सकाळी ती चिडून म्हणाली, “गावभर फिरता, बायकोसाठी एवढं होत नाही तुमच्याच्याने?” त्याने मुकाट्याने टी-शर्ट चढवला. ती दारात उभी राहून तो तिरपा सात वळणापर्यंत बघत राहिली. त्या दिवशी ती फार खूश होती.

तो दुपारीच परत आला. जेवला नाही. टी-शर्ट उलटा करून, नंबर आत घालून, बादलीत भिजत टाकला. आयुष्यात रुमाल न धुतलेला माणूस! “घाम आला होता,” म्हणाला. स्कूटरचं पुढचं मडगार्ड आत गेलं होतं. “खांबाला घासली,” म्हणाला. तिने जास्त विचारलं नाही. उलट तिला त्याची कीव आली, की बिचाऱ्याला लोक हसले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नंबर अनोळखी! तिने केस मागे सारले, घसा साफ केला आणि मधाळ आवाजात म्हणाली, “बिनधास्त बोला!”

पलीकडचा माणूस बिनधास्त बोलला. असं बोलला, की तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

दुसरा फोन आला. तिसरा आला. “म्हातारीला उडवून पळता, लाज नाही वाटत?” “कोण आहे तो? पत्ता सांग, नाहीतर दुकान जागेवर ठेवणार नाही.” तिला काही उमगेना. मग कुणीतरी तिला व्हिडिओ पाठवला. एका दुकानाच्या वरच्या कॅमेऱ्यातला होता. एक म्हातारी पिशवी घेऊन रस्त्यावर उतरतेय, वळणावरून स्कूटर येते, म्हातारी पडते, बटाटे रस्ताभर. पिवळ्या टी-शर्टवाला उतरतो, वाकतो, इकडेतिकडे बघतो, आणि परत स्कूटरवर बसून निघून जातो. डोक्यावर हेल्मेट, चेहरा दिसतच नाही. पाठ मात्र लख्ख दिसते. बिनधास्त बोला. खाली नंबर. आणि नंबरातला शेवटचा सात तिरपा.

तिने व्हिडिओ पुन्हा लावला, मोठा करून बघितला. वाटलं, आपल्याला भास होतोय. छे, भास कसला! ते अक्षर तिने स्वतःच्या हाताने बिघडवलं होतं.

नवरा आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसला होता. कामाला गेलाच नव्हता.

“अहो, कोण होती ती?”

त्याने मान वर केली नाही. “मला वाटलं रिक्षा घेऊन येतो. खरंच रिक्षाच आणायला निघालो होतो गं. कोपऱ्यावर गेलो तर माणसं धावत येताना दिसली, ओरडत. माझे हातपाय गळाले. मग वळलोच नाही.”

“जिवंत आहे का ती?”

“माहीत नाही,” तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

फोन वाजतच होता. ज्या आवाजासाठी ती महिनोन्‌महिने कान लावून बसली होती, त्या आवाजाने आता तिची छाती धडधडायची. तिने फोन उशीखाली ठेवला, तर उशी गुरगुरायला लागली. बंद करावा, तर मनात यायचं, ती म्हातारी गेली असेल तर? ते आपल्याला कळणार कुठून? म्हणून फोन बंदही करवेना.

दुपारी दारावर थाप पडली. सलूनवाला होता. त्याने घडी घातलेला पिवळा टी-शर्ट पिशवीतून काढून तिच्यासमोर ठेवला. त्याचा ओठ फुटला होता.

“वहिनी, हा तुमचा तुम्हाला ठेवा. मला चौघांनी धरलं. मी तो नाही म्हणून सांगतोय, तर ऐकायलाच तयार नाहीत.” तो जाताना थांबला. “तुम्हाला कळलं ना कोण ते, तर सांगा बुवा. आम्ही किती जणांनी मार खायचा?”

ती “हो” म्हणाली आणि दार लावून घेतलं. एक वाक्य तिने सकाळपासून तयार ठेवलं होतं: आमचे टी-शर्ट खूप लोकांकडे आहेत, कोण ते आम्हाला सांगता येणार नाही. खोटं नव्हतंच ते अगदी. त्या वाक्याच्या आड नवरा लपला असता, दुकान वाचलं असतं. आणि मार सलूनवाल्याने खाल्ला असता.

परत फोन. तिने उचलला, पण ‘बिनधास्त बोला’ म्हणायची हिंमत झाली नाही. नुसतं “हं” म्हणाली.

“ताई, शिव्या द्यायला नाही केलाय मी फोन,” बाईचा आवाज, दमलेला. “परवा पडल्या ना... नाही, काल, कालच. दिवसाचं भानच नाही. त्या आजींची मी मुलगी.”

“कशा आहेत?” तिच्या तोंडून एकदम निघून गेलं.

“खुब्याचं हाड मोडलंय. शुद्धीवर आहे. पोलीस आले होते, पण आई तक्रार द्यायला तयार नाही. म्हणते, तो माणूस वाकून मला सांगून गेलाय, ‘आजी, आलोच’. तो येणार आहे. कुणी खोलीत शिरलं की मान वळवून बघते. सगळे तिला वेड्यात काढतायत. तुम्हाला माहीत असेल तो कोण, तर एवढंच सांगा, की तो येणार आहे का? नसेल, तर मी तिला समजावते.”

फोनचा आवाज मोठा होता. नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. तो उठला आणि मोरीकडे गेला.

“अहो?”

“आलोच,” तो आतून म्हणाला.

हा ‘आलोच’ तिच्या ओळखीचा होता. मोरीच्या शेजारीच मागचं दार. पलीकडे “ताई? ऐकू येतंय ना?” चालू असतानाच ती फोन घेऊन आत धावली. पळाला असेल तर काय करायचं, हा विचारसुद्धा तिला पुरा करवला नाही.

मागचं दार बंद होतं. तो बादलीपुढे उकिडवा बसून टी-शर्ट पिळत होता. पिळून त्याने तो सुलटा केला आणि तसाच अंगात घातला.

“ओला आहे अहो तो.”

“माझा चेहरा बघितला नाहीये त्यांनी,” तो म्हणाला. दात वाजत होते, गारठ्याने की भीतीने कोण जाणे. “पाठच बघितलीय जाताना. ओळखणार कशाने?”

तिने फोन कानाला लावला. “ताई, ते माझे मिस्टर आहेत. आईंना सांगा, निघालेत ते.”

पलीकडून दवाखान्याचं नाव आलं आणि फोन बंद झाला.

स्कूटर त्याला चालवता येईना, हात स्थिर राहत नव्हते. म्हणून ती पुढे बसली आणि तो मागे. तो मागे, म्हणजे पाठ उघडी! वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिच्या हे ध्यानात आलं आणि तिची मान आखडली. आरशात मागच्या गाड्या दिसत होत्या. एक मोटारसायकल जवळ आली, मागे झाली, पुन्हा जवळ आली. मागे बसलेल्या पोराने खिशातून फोन काढला.

तिच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला.

तिने स्कूटरचा वेग वाढवला. फोन थांबेना. तिच्या खांद्यावरून नवऱ्याचा हात पुढे आला, पर्सची चेन उघडायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. वाटलं, बंद करतोय. तिलाही तेच हवं होतं, खरं सांगायचं तर.

त्याने फोन कानाला लावला. “हो,” तो म्हणाला, “मीच तो. तुमच्या पुढेच आहे. दवाखान्यात चाललोय.” पलीकडून काय आलं ते तिला वाऱ्यात ऐकू आलं नाही.

“हो,” तो म्हणाला. “बोला.”