घायपातावरचं टरफल

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी ह्या गोष्टीच्या कडेकडेनंच पुढे जाते – त्याला ठाऊक असणार, मग मी कशाला तोंड उघडू? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ वळतेय. एवढंच.

शैला माझी धाकटी जाऊ. पणदऱ्याच्या आमच्या घरात ती आली तेव्हा मला येऊन बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं मी गोठा सांभाळला, धारा काढल्या, ऊसतोडीच्या दिवसांत वीस-वीस माणसांच्या भाकरी थापल्या, आणि सासूबाईंच्या तोंडून ‘बरं झालंय’ एवढा शब्द कधी ऐकला नाही. पण हे कारण म्हणून सांगत नाही हं. कौतुक न झालेल्या बायका घरोघरी आहेत. त्या माझ्यासारखं वागत नाहीत.

शैला हडपसरची. तिचे वडील एका कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये आचारी होते. तिथल्या परदेशी साहेबाची बायको मायदेशी जाताना त्यांना एक बिडाचा साचा देऊन गेली – लांब दांड्यांचा, दोन झाकणं एकमेकांवर मिटणारा, आत चौकोनच चौकोन. तो शैलानं रुखवतात मांडला. ‘ह्यो उंदराचा पिंजरा कशाला आणलाय?’ असं मी म्हटलं आणि मांडवातल्या बायका पोट धरून हसल्या. शैलाही हसली. ह्यात वॉफल होतात, म्हणाली. आमच्या घरात त्याचं नाव जाळीची पोळी पडलं.

आता एक अडचण होती. आमच्यातले पुरुष अंडी, मटण खायचे, पण ते परसातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. सासूबाई – आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो – माळकरी. तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या स्वयंपाकघरात अंड्याला पाय ठेवायची सोय नव्हती. आणि शैलाच्या वडिलांच्या पद्धतीत तर अंड्याचं पांढरं फेसून फेसूनच ती पोळी फुगायची.

दुसरी असती तर साचा माळ्यावर टाकून मोकळी झाली असती. ही दोन महिने झटली. पहिल्या पोळ्या चपलेसारख्या चिवट. मग साच्याला चिकटून खरवडाव्या लागायच्या. आमचं मांजरही हुंगून परत जायचं, आणि मी ते सगळ्या गल्लीला सांगत फिरायचे. पण जमलं बाई तिला! मैद्यात मूठभर तांदळाची पिठी, कुरकुरीत व्हावी म्हणून. आंबट ताक, घरचं लोणी पातळ करून, साखर बेतानं. सोडा अगदी शेवटी, साचा तापल्यावर. पीठ फार ढवळायचं नाही, गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. साच्याला तूप लावायचं, पीठ ओतायचं, मिटून लगेच उलटायचा – आणि कडेनं येणारी वाफ थांबेपर्यंत उघडायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. झाली की ताटात नाही ठेवायची, खालून घाम सुटतो. चाळणीवर ठेवायची. वर काकवी.

बघा, सगळं तोंडपाठ आहे. आणि मी आयुष्यात एकही केलेली नाही.

बारामतीत एस.टी. स्टँडजवळ आत्याबाईंच्या नावावर एक गाळा होता, माहेराकडून आलेला. नुसता कुलूप लावून पडलेला. शैलाला तिथे कॉलेजच्या पोरापोरींसाठी वॉफलचं दुकान काढायचं होतं. दीर आधी हसला, मग तोही स्वप्नं बघायला लागला. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, ‘येत्या द्वादशीला माझा उपास तुझ्या पोळीवर सोडते. तोंडाला लागली तर किल्ली तुझी.’

मला हवा होता का तो गाळा? नाही. मला दुकान काढायचं होतं? मला धड बारामतीचे रस्ते ठाऊक नव्हते. तिला मिळू नये, एवढंच हवं होतं. ह्याहून खोल काही शोधू नका, नाहीये.

आमच्या कुंपणाला घायपात होता. त्याच्या काटेरी टोकांवर अंड्यांची रिकामी टरफलं खोचून ठेवायची आमच्याकडे रीत – शोभेला म्हणा, दृष्ट लागू नये म्हणून म्हणा. पांढरी पांढरी फुलं लागल्यासारखी दिसायची. द्वादशीला सकाळी अंगण झाडता झाडता मी त्यातलं एक काढलं आणि पदराखाली धरून आत आले.

शैला न्हाऊन, ओल्या केसांना पंचा बांधून बसली होती. पहिली पोळी तिनं देवाला दाखवली. दुसरी आत्याबाईंच्या पानात. मोडली तेव्हा कट्‌ आवाज झाला आणि आतून वाफ आली. आत्याबाईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग त्या म्हणाल्या, ‘आणि एक वाढ गं.’ बारा वर्षांत माझ्याकडे दुसऱ्यांदा काही मागितलेलं मला आठवत नाही.

मी थांबले. मागून घेतलेली पोळीही पूर्ण खाऊ दिली. मुद्दाम. त्यांनी कनवटीला हात घातला, किल्ली काढायला – आणि मग मी केराची सुपली पुढे केली. सांडलेल्या मैद्यात ते टरफल. म्हटलं, ‘आत्याबाई, ह्ये चुलीमागं घावलं. मला काय कळंना.’

कसं म्हटलं ठाऊक आहे? हळू आवाजात. वाईट वाटल्यासारखं.

म्हातारी उठली ती सरळ मोरीत. घशात बोटं घातली. पासष्टीची बाई, एकादशीचा उपास नुकता सोडलेला, ओकून ओकून डोळ्यांतून पाणी काढत होती आणि देवाचं नाव घेत होती. पाठीवरून हात फिरवायला कोण होतं? मी. चूळ भरायला तांब्या कोणी दिला? मीच. आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या पोटात गार गार वाटत होतं.

शैला एकदाच म्हणाली, ‘मी नाही घातलं हो.’ दिरानं आईसमोर तिच्या थोबाडीत मारली. टरफल जमिनीवर पडलं होतं. ते उन्हानं वाळून खडखडीत झालेलं, आत धूळ, बुडाला काट्याचं भोक. ताज्या फोडलेल्या अंड्याचं टरफल असं असतं? घरातल्या एकाही शहाण्यानं बघितलं नाही. शैलानं बघितलं. उचलून भोकावर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे मान वर केली. मग पुन्हा खाली.

दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडायला गेले तर टरफल घायपातावर परत खोचलेलं होतं. त्याच पानाच्या टोकावर.

बोलली का नाही ती? तेव्हा मला वाटलं, घाबरली. आता वाटतं, तिनं मला बोलण्याच्या लायकीची धरलीच नाही.

आत्याबाईंनी माळ उतरवून महाराजांकडून पुन्हा घालून घेतली. शैलाच्या हातचं पाणीसुद्धा बंद झालं. सहा महिन्यांत दीर तिला घेऊन लोणी देवकरला गेला, तिथल्या एका कंपनीत लागला. तीही पॅकिंगला जायची. गाळ्यात सायकलवाला आला. साचा ती मागे ठेवून गेली. अजून माझ्याकडे आहे. गंज चढू नये म्हणून दिवाळीला तेल लावते.

इथवरचं तुम्ही ओळखलं असेल. जावाजावांत होतं, म्हणाल. पण मी सांगायला बसले ते हे नाही.

सात वर्षांनी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. जेवण तुटलं. शैला भेटायला आली होती, पण आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. भर दुपार. खोलीत मी आणि आत्याबाई, दोघीच. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, ‘थोरले, आता खोटं बोलू नगंस. मी चालले. त्या पोळीत अंडं हुतं का गं? माझं मन घेत न्हाय. न्हवतं, तर तिला आत बोलव. एक करून घाल म्हणावं मला.’

शैला दहा पावलांवर होती. साचा माळ्यावर होता. ताक होतं, लोणी होतं. अर्ध्या तासाचं काम. आता तर ना गाळा होता मध्ये, ना किल्ली. गमवायला माझं काय होतं? मला कुणी घराबाहेर काढणार होतं का? कुणीच नाही.

मी त्यांचा हात मनगटावरून सोडवला, पांघरुणाखाली सारला आणि म्हटलं, ‘हुतं, आत्याबाई.’

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. गळ्यातली माळ त्यांनी मुठीत धरली होती, ती शेवटपर्यंत सुटली नाही. मी बाहेर येऊन शैलाला म्हटलं, झोपल्यात, तू नीघ आता, एस.टी. चुकंल.