पंख उलगडताना

आज उपग्रहाच्या पंखांची, म्हणजे सोलर पॅनेलची, शेवटची चाचणी होती. हे पंख वजन नसलेल्या जागेसाठी बनवलेले; इथे जमिनीवर त्यांना स्वतःचाच भार पेलवत नाही. म्हणून आम्ही ते वरून दोऱ्यांना टांगून अलगद उलगडतो. निळे पंख पूर्ण उघडले तेव्हा शेजारी उभ्या सुमतीताई म्हणाल्या, "नीट बघून घ्या. वर उघडतील तेव्हा आपल्याला नुसते आकडे दिसणार."

मग ते पुन्हा मिटवले. आमच्या वाट्याला नेहमी तालीमच येते.

संध्याकाळी परदेशातून लेकीचा फोन आला. तिथे तिचं पहिलं मोठं गाणं झालं होतं. इथे गाताना ती अडली की मी पेटीवर सूर द्यायचो.

"बाबा, कुठेच अडले नाही," ती म्हणाली.

मी विचारलं, "साडी कुठली नेसली होतीस?"