मोहनरावांनी मांडलेला एकुलता एक ठराव

सावरटाक्याच्या सरपंचपदाला मोहनराव उभे राहिले, तेव्हा त्यांनी गावाला एकच वचन दिलं होतं. निवडून आलो तर फारसं काही करणार नाही.

समोरच्या उमेदवारानं गावाला कमान कबूल केली होती, सभामंडप कबूल केला होता, वर फाट्यावर उंच दिव्याचा खांबही. मोहनराव पारावर चढले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "नळाचं पानी आन रस्त्यावरची लाइट, एवढं मी बघीन. बाकी तुमच्या कशातच पडनार न्हाई. कुनी काय पेरावं, कुठं काय इकावं, लेकीच्या लग्नात किती वाजवावं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. दोघांत मिटतंय तिथं तिसरा कावून?" लोक पोट धरून हसले आणि हसता हसता त्यांनाच निवडून देऊन बसले. दिंद्रुडच्या बाजारात कितीतरी दिवस हाच विषय होता.

आता हे खूळ आलं कुठून, तर कापसातून. मोहनराव ऐन विशीत होते तेव्हा कापूस फक्त सरकारलाच घालायचा, असा कायदा होता. शेजारच्या राज्यात भाव बरा मिळतो म्हणून या पठ्ठ्यानं भाड्याच्या ट्रकात कडब्याखाली कापूस दडवला आणि निघाला. नाक्यावर शिपायानं कडब्यात काठी खुपसली, ती बाहेर आली तेव्हा टोकाला पांढरं चिकटलेलं होतं. माल गेला. मालाचं त्यांना तेवढं वाटलं नाही, पण शिपाई त्यांना चोर म्हणाला, ते लागलं. आपल्या रानात पेरलेलं, आपल्या आईनं वेचलेलं, आणि चोर आपणच? पुढं तो कायदा गेला, शिपाईही निवृत्त झाला असेल, पण ती काठी मोहनरावांच्या मनातून काही निघाली नाही.

त्यामुळे खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी गावाचे जुने ठराव बाहेर काढायला लावले. ग्रामसेविका मोहिनीताई एकेक वाचायच्या आणि मोहनराव म्हणायचे, "रद्द." बोहारणीनं गावात शिरण्याआधी परवानगी घ्यावी, रद्द. पारावर मोठ्यानं हसू नये, असाही एक ठराव कुणा चिडक्या सरपंचानं करून ठेवला होता, तो तर मोहनरावांनी मोठ्यानं हसूनच रद्द केला. फाट्यावर ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय टपरी टाकू नये, हेही रद्द. "आण्णा, असंच चाललं तर मला कामच उरायचं न्हाई," मोहिनीताई म्हणाल्या. "मंग तर लई बेस," मोहनराव म्हणाले.

सगळ्यात गाजलं ते कोंडवाड्याचं. दुसऱ्याच्या रानात शिरलेली जनावरं तिथं कोंडायची पद्धत होती. हरिबा मेंढपाळाच्या मेंढ्या तिथं इतक्यांदा जाऊन आल्या होत्या की हाकललं नाही तरी त्या आपण होऊन आत शिरत. मोहनरावांनी कोंडवाड्याचं कुलूप काढलं, आणि त्याच आठवड्यात हरिबाच्या मेंढ्यांनी तूर खाल्ली ती नेमकी मोहनरावांची! आता सरपंच काय करतो, म्हणून गाव टपून बसलं. मोहनराव बांधावर गेले. दोघांनी एकमेकांच्या घराण्याचा यथेच्छ उद्धार केला, मग तिथंच बसून तंबाखू मळली, आणि ठरलं की हरिबानं उन्हाळ्यात मेंढ्या मोहनरावांच्या रानात बसवायच्या, लेंडीखत फुकट. पुढच्या साली त्या रानात ज्वारीची कणसं बघायला लोक वाट वाकडी करून येत. "बघा," मोहनराव भेटेल त्याला सांगत, "तिसरा कुठं लागला?"

इथवर सगळं झकास चाललं होतं. मग सुनेनं हॉटेल काढायचं ठरवलं.

वनमाला म्हणजे मोहनरावांच्या आदिनाथची बायको. कामाला वाघीण, बोलायला कमी आणि हाताला चव अशी की तिनं केलेला चुरमुऱ्यांचा सुशीला खायला पाहुणे एसटी चुकवत. एका सकाळी सगळे जेवायला बसलेले असताना ती म्हणाली, "मामा, फाट्यावरच्या तुकड्यात मी च्याचं हाटेल टाकतेय. पत्रे आलेत."

मोहनरावांचा घास हातातच राहिला. "आपल्या घरची सून फाट्यावर हुबं राहून ट्रकवाल्यांना च्या देनार?"

"हुबं कशाला? स्टूल घेतलंय."

"आन माझी परवानगी?"

"जागा माझ्या नावावर हाय, मामा."

हे मात्र वर्मी लागलं. बाईच्या नावावर जमीन घेतली की सरकारला कमी भरावं लागतं, असं कुणीतरी कानात सांगितलं होतं, म्हणून तो तुकडा मोहनरावांनीच हौसेनं तिच्या नावावर घेतला होता. सरकारला चकवायला गेले आणि आता स्वतःच अडकले. आदिनाथ ताटातली भाकरी अशी न्याहाळत बसला, जणू पहिल्यांदाच बघतोय.

"लग्न होऊन आल्यापास्नं," वनमाला हळू आवाजात म्हणाली, "च्यात साखर किती घालायची तेबी मी इचारून घालते. एक तरी जागा अशी पायजे, जिथं मला कुनाला इचारावं लागनार न्हाई."

मोहनरावांनी ते ऐकलं, पण कानामागं टाकलं. ते ताडकन उठून ग्रामपंचायतीत गेले. "फाट्यावर टपरी टाकायला परवानगी लागती ना?"

"लागत व्हती," मोहिनीताई म्हणाल्या. "तुमीच रद्द केली."

"मंग परत लागू करू. ग्रामसभा घ्या."

मोहिनीताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "सूचक कोन लिहू?"

"मी," मोहनराव म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतः मांडलेला हा पहिला ठराव.

घरी सुंदरबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मांडा की, खुशाल मांडा," त्या म्हणाल्या. "भाकर बी मंग ग्रामपंचायतीतच खात जावा."

शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. वनमाला बायकांत पुढंच बसली होती, पदर खोचून, ओठ मिटून. मोहनराव बोलायला उभे राहिले. गावाची शिस्त, फाट्यावरची गर्दी, अपघाताची भीती, आयाबायांची अब्रू, असं काय काय ते बोलत गेले. हे सगळे शब्द जुन्या सरपंचांचे होते, आणि ते तोंडात इतके सहज येत होते की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "तरी फाट्यावर हाटेल काढायला ग्रामपंचायतीची परवानगी लागावी," त्यांनी शेवट केला. "कबूल असंल त्यांनी हात वर करा."

त्यांची तयारी भांडणाची होती. कुणीतरी उठेल, आपलंच वाक्य आपल्या तोंडावर फेकेल, आपण गडबडू, मग रेटून नेऊ, असं त्यांनी मनात धरलं होतं. तसं काहीच झालं नाही. हात भराभरा वर गेले. मागं भिंतीला टेकलेल्या हरिबानं तर काठीसकट हात वर केला. वनमालानं मान खाली घातली, आणि तिच्या शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हरिबा," मोहनराव न राहवून म्हणाले, "हाटेलाचा तुला काय तरास बे?"

"मला? काईच न्हाई. मी तर दोन टाइम च्या प्यायला जानार व्हतो."

"मंग हात कावून वर केला?"

"तुमी म्हनलात म्हनून," हरिबा म्हणाला. "तुमी गावाला कवा काय मागत न्हाई, आण्णा. एकदा मागितलंत, तर न्हाई कसं म्हनावं?"

मोहनरावांना नाक्यावरचा शिपाई आठवला. तो माणूस जातिवंत दुष्ट होता, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. आज वाटलं, त्यालाही कुणीतरी म्हटलं असेल, म्हणून त्यानं खुपसली असेल काठी. आणि म्हणणारा तो कुणीतरी आज आपण आहोत. चोर म्हटल्यावर वाटली नव्हती एवढी लाज त्यांना त्या व्हरांड्यात वाटली.

"हात खाली घ्या," ते म्हणाले. कुणी ऐकेना, म्हणून ओरडले, "अरे, खाली घ्या म्हनतो ना! मोहिनीताई, ठराव मागं घेतला म्हनून लिवा." मग ते सुनेकडे वळले. "वनमाला, मला हे आवडलेलं न्हाई. आजबी न्हाई आन उद्याबी न्हाई आवडनार. पर मला आवडत न्हाई म्हनून गावाचा कायदा व्हायला नगं. तुझं तू कर. मी मात्र तिथं च्या प्यायला येनार न्हाई, तेवढं माझं स्वातंत्र्य मला राहू दे."

"राहू द्या की," वनमाला म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसली.

हॉटेल सुरू झालं आणि चालायलाही लागलं. मोहनराव फाट्यावरून तोंड फिरवून जात आणि दिंद्रुडला जाऊन पाणचट चहा पीत. वारा उलटा असला की फोडणीचा वास थेट घरापर्यंत यायचा. सुंदरबाई दुपारच्या तिकडेच बसू लागल्या, आदिनाथ कपबशा विसळू लागला, आणि ओसरीवर उरले एकटे सरपंच. दिवाळीच्या आधीच त्यांचा धीर सुटला. एका सकाळी ते आले आणि इकडेतिकडे न बघता कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसले. वनमालानं ग्लास पुढं ठेवला.

समोर हरिबा होता, आणखी चारजण होते, आणि एवढे श्रोते असल्यावर मोहनरावांना राहवतं कुठलं? "बघा," त्यांनी सुरुवात केली, "सरकारचं काम म्हंजे कसं..."

वनमालानं झाऱ्यानं पत्र्यावर टकटक केलं. तिथं ठसठशीत अक्षरांत रंगवलं होतं: येथे राजकारणावर बोलू नये.

"हा नियम कुनाचा?" मोहनराव गरजले.

"माझा."

"नियम? माझ्या गावात?"

"माझ्या हाटेलात. पटत न्हाई त्यानं दुसऱ्या हाटेलात जावं. कुनी अडवत न्हाई, मामा."

हरिबानं हसू लपवायला बशीत तोंड खुपसलं. मोहनरावांनी रागवायला हवं होतं, पण राग काही येईना, उलट छाती उगीचच फुगल्यासारखी वाटली. कापसाच्या नाक्यावर आपल्याला हे असं बोलता आलं असतं तर! ते गुपचूप चहा प्यायले.

"साखर जरा जास्त झालीय," शेवटी ते म्हणाले.

"माझ्या मनानं घातलीय," वनमाला म्हणाली.

मोहनरावांनी रिकामा ग्लास पुढं केला. "आनखी एक दे."