सशाचं कुलूप

त्याला ससा हे नाव मीच पाडलं. आम्ही दोघं लिफ्ट दुरुस्त करणारे, अकरा वर्षांची जोडी. लिफ्टच्या टपावर पाय ठेवण्याआधी हा गडी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचा, मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. नियमच तसा आहे. पण हा अर्ध्या जिन्यातून परत जाऊन कुलूप ओढूनही बघायचा. "अरे, ताकसुद्धा फुंकून पितोस!" मी चारचौघांत त्याची टर उडवायचो. बढती दर वर्षी दुसऱ्याला मिळायची. साहेब म्हणायचे, "माणूस चांगला, पण घाबरट."

शेवटी त्याच्या बायकोने त्याला कुठल्याशा शिबिराला धाडलं. तिथून आल्यावर तो रोज दाढी करताना आरशाला सांगू लागला, "मी भित्रा नाही. भित्रा तो दुसरा होता." वहिनी हे हसून सांगायच्या. मलाही बरं वाटलं. त्याची मान ताठ झाली, साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू लागला. मग एके दिवशी कुलूप घरीच राहिलं.

"स्विच बंद केलाय ना? बास," तो म्हणाला. "कुलूप सशाचं होतं."

लिफ्ट बंद दिसली की वर येऊन स्विच चालू करणारा दीडशहाणा प्रत्येक इमारतीत असतो. पण ज्याने ससा म्हणून चिडवलं, त्याने आता कुठल्या तोंडाने सांगायचं? तो टपावर उतरायच्या आत मी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून वर जायचो आणि माझं कुलूप लावून यायचो. काम संपलं की स्विच चालू करायलाही मीच आधी पळायचो. असे चार महिने गेले. एकदा तर एक आजोबा ते कुलूप हिसडताना मला सापडले.

काल बढतीचं पत्र आलं. त्याने जेवायला बोलावलं. "चार महिने कुलपाला हात लावला नाही," तो वहिनींना म्हणाला. "झालं काही? विचार याला."

वहिनी किती आनंदात होत्या. मी "नाही" म्हणालो आणि घास गिळला. लाज वाटली, तरी गिळला.

आजपासून तो नव्या भागात, एकटा. नऊला काम सुरू करतो. रात्रभर डोळा लागला नाही, तेव्हा सगळं सांगून टाकायचं ठरवून मी पावणेनऊला फोन लावला. वहिनींनी उचलला.

"भावजी, फोन घरीच राहिला हो त्यांचा."

"कुठल्या इमारतीत गेलाय?"

"ते नाही बोलले. पण फार खुशीत गेलेत आज."

ऑफिस दहाला उघडतं. माझं कुलूप माझ्या खिशात आहे.