अक्काची हाक कुठवर जाते

नावाड्याला डोळे थोडे कमी असले तरी भागतं, कान मात्र तिखट लागतात. धुक्याच्या सकाळी पलीकडचा काठ दिसत नाही, पाणी दिसत नाही, नावेचं टोकसुद्धा दिसत नाही. नुसती हाक येते. ती कुणाची, किती लांबून, घाईची की रिकामटेकडी, हे ज्याला बसल्या जागी कळतं तो नावाडी. बाकीचे सगळे नुसते वल्ही मारणारे.

तात्यांनी चाळीस वर्षं हाच धंदा केला. ते सांगायचे, "लग्नाला निघालेल्याची हाक पाण्यावरून टप्पे खात येते. दवाखान्याला निघालेल्याची पाण्याखालून येते." ऐकणारे हसायचे, पण तात्या बरोबर त्याच माणसाला घेऊन परत यायचे.

मग पूल झाला. पुलाला कुणी हाक मारत नाही. नाव काठावर पालथी पडली, तिच्या सावलीत कुत्रीनं पिल्लं घातली, आणि तात्या दिवसभर पाण्याकडे तोंड करून बसायला लागले. बायको म्हणायची, "अहो, उठा. नदी काही आता तुमचं नाव घेणार नाही."

तेवढ्यात अक्का पडली.

अक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. शहरात बाजाराच्या तोंडाशी एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत एकटी राहायची. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली, पोरबाळ नाही, शिलाई मशीनवर आयुष्य काढलेलं. सकाळी सातला मोरीत पाय घसरला. फोन पलंगावर, अक्का मोरीत. दुपारी बाराला शेजारीण कात्री मागायला आली तेव्हा सापडली. हाड मोडलं नव्हतं, एवढंच नशीब.

तात्या धावत गेले. "अगं, पाच तास पडून होतीस! हाक मारायची ना कुणाला तरी!"

"कुणाला मारू?" अक्का म्हणाली.

रडून नाही म्हणाली. सात नंबरची सुई आहे का, असं दुकानात विचारावं तसं विचारलं. पण तो प्रश्न तात्यांच्या मानगुटीवर बसला तो उतरेना.

"आमच्याकडे चल नदीवर," तात्या म्हणाले.

"तुमच्याकडच्या डासांना पुरेल एवढं रक्त नाही राहिलं माझ्यात."

"मग आम्ही दोघं इथं येतो."

"या खोलीत? अरे, मला कुशीवर वळायचं तर भिंतीला विचारावं लागतं."

तात्यांच्या बायकोनं जिन्यात आल्यावर हळूच सांगितलं, "एका म्यानात दोन तलवारी राहतील एकवेळ. वन्सं आणि मी नाही राहायच्या."

शेवटी ठरलं ते असं. नदीकाठची जागा विकायची आणि अक्काच्या जवळ लहानसं घर घ्यायचं. किती जवळ? तात्यांनी एकच माप सांगितलं. अक्कानं हाक मारली तर ऐकू आली पाहिजे.

आणि दुसऱ्याच दिवशी पेपरात जाहिरात दिसली. 'प्रशस्त, हवेशीर, निसर्गरम्य घर. बाजार, बाग, दवाखाना हाकेच्या अंतरावर.'

तात्यांचे डोळे चमकले. "बघ! शहरात अजून कुणीतरी हाकेनं मोजतंय. बाजार हाकेच्या अंतरावर म्हणजे अक्का हाकेच्या अंतरावर. जाणता माणूस दिसतोय."

जाणता माणूस म्हणजे तिशीतला एजंट निघाला. टोकदार बूट, दोन फोन, आणि तोंडात सदोदित 'हवेशीर'. बायकोनं पाच मिनिटांत त्याचं नावच हवेशीर ठेवलं. त्यानं दोघांना मोटारीत घातलं. बाजार मागे पडला, बाग मागे पडली, दोन पूल ओलांडले. तात्यांना वाटलं, दुसरा एखादा बाजार असेल. घर आलं. तात्या सरळ गॅलरीत गेले, तोंडाशी हातांची ओंजळ धरली आणि पोटातून हाक दिली.

"अक्काऽऽऽ!"

कबुतरं उडाली. खालून वॉचमन धावत आला. समोरच्या गॅलरीतल्या बाईच्या हातून चिमटे पडले.

"काका! काय करताय?" एजंट म्हणाला.

"माप घेतोय."

"अहो, ती बोलायची पद्धत असते."

"कुणाची?"

"जाहिरातीची."

"मग हाक कुणाची धरलीत तुम्ही? विमानाची?"

त्यानंतर तात्यांनी पुष्कळ घरं पाहिली. महिनाभर एकाच लांबलचक दुपारी हिंडतोय असं त्यांना वाटायचं. कुलूप उघडायचं, आतली कोंडलेली हवा अंगावर यायची, एजंट खिडक्या उघडत म्हणायचा, "बघा, हवेशीर." फोटोत ज्या दिवाणखान्यात घोडं नाचवता आलं असतं, तिथं प्रत्यक्षात तात्या आणि एजंट समोरासमोर आले की एकाला मागं सरावं लागायचं. 'भरपूर सूर्यप्रकाश' होता तिथं आधी दिव्याचं बटण शोधावं लागलं. 'नदीचं दर्शन' घडलं, पण संडासाच्या खिडकीतून, स्टुलावर चढून, आणि तेही तात्यांना एकट्यालाच, कारण नदी कुठं बघायची हे त्यांना माहीत होतं. आणि प्रत्येक घर शेवटचं. एकच शिल्लक. कालच एक पार्टी येऊन गेलेली, उद्या पक्कं करायला येणार.

बायकोला फोटो निरखायची सवय. एकदा तिनं एजंटच्या फोनवर बोट ठेवलं. "अहो, हा ढग मी ओळखते. कोपऱ्यावरच्या घरावर होता. बागेजवळच्या घरावरही हाच होता, सशासारखा."

एजंट लाजला. "फोटोला आभाळ जरा चांगलं लावतो आम्ही, काकू."

"आणि ती कालची पार्टी? ती पण या ढगासारखीच हिंडत असते वाटतं सगळीकडे."

मोकळ्या घरात तात्या डोळे मिटून उभे राहायचे. लिफ्टचा दोर कुरकुरायचा, कुणीतरी खुर्ची ओढायचं, नळ ठिबकायचा. हळूहळू खालची रहदारी पाण्यासारखी वाजू लागायची. एकदा एजंटच्या मोटारीत त्यांना भर दुपारी डुलकी लागली. रस्ते भरून पाणी वाहत होतं, इमारती गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, आणि तात्या त्यांच्या मधून नाव हाकत होते. प्रत्येक खिडकीत माणूस. सगळी तोंडं उघडत होती, मिटत होती, आवाज मात्र एकाचाही नाही. अक्का कुठल्या खिडकीत आहे तेच कळेना. जागे झाले तेव्हा हात वल्हं धरल्यासारखे आवळलेले होते.

"काका, पाणी देऊ?" एजंटनं विचारलं.

"पाणीच पाणी आहे," तात्या म्हणाले. मग नीट सावरून बसले. "हे उलटं चाललंय आपलं. घरापासून हाक मोजायची नाही. हाकेपासून घर शोधायचं."

दुसऱ्या दिवशी तात्या अक्काच्या खिडकीत उभे राहिले. खाली बायको आणि एजंट चालू लागले. तात्या हाक द्यायचे, ऐकू आली की एजंट हात वर करायचा. आधी त्याला वाटलं होतं म्हाताऱ्याला खूळ लागलंय. पण तिसऱ्या गल्लीत हाक पोचली तसा तो स्वतःच पळत पुढं जायला लागला, बूट हातात घेऊन, कान पुढं करून. कुठल्या कोपऱ्यावर आवाज अडतो, कुठल्या बोळात वळून पुन्हा सापडतो, हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. संध्याकाळी घामाघूम होऊन वर आला.

"काका, सात घरं बसतात! बागेसमोरचंसुद्धा! तुमच्या एका हाकेत अर्धा धंदा होईल माझा."

तात्यांना बागेसमोरचं आवडलं. ऊन होतं, झाड होतं. पसंतच केलं म्हणा ना. अक्का मशीनवर वाकून सगळं ऐकत होती. बायको पदरानं वारा घेत म्हणाली, "ते सगळं झालं. पण मोरीत पडायचं कुणी? तुम्ही की वन्संनी?"

खोलीत मशीनसुद्धा थांबलं.

तात्या मटकन पलंगावर बसले. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या हाकेवर पोट भरलं, आणि आता बहिणीच्या जिवाचं माप आपल्या घशानं घेतलं! आणि आपला घसा म्हणजे नदीच्या रुंदीचा घसा.

"अक्का, तू मार हाक. मोरीतून. दार लावून."

"मी? मी काय भाजी विकते?"

"एकदाच."

"एवढ्या वर्षांत कुणाला हाक मारली नाही. आता उतारवयात बोंबलायला शिकू?"

"वन्सं," तात्यांची बायको म्हणाली, "तुम्ही नाही मारलीत तर हे रोज सकाळी येऊन मोरीच्या दारात बसतील. मी ओळखते यांना."

ते मात्र अक्काला पटलं. ती मोरीत गेली, दार लावलं. तात्या बाहेर उभे. मग आतून एक बारीक आवाज आला, जुन्या पेटीच्या तळाशी ठेवलेलं कापड उलगडावं तसा. रस्त्यावर उभ्या एजंटनं हात वर केला नाही. जिन्यात उभ्या बायकोनं मान हलवली. सातही घरं गेली.

"पुन्हा," तात्या म्हणाले आणि डोळे मिटले.

दुसऱ्या हाकेला त्यांना कळलं. आवाज दाराकडे येत नव्हता. मोरीला एक हातभर खिडकी होती, ती इमारतीच्या मधल्या अरुंद पोकळीत उघडत होती, जिथून सगळे पाइप खाली जातात. हाक तिथून उतरत होती. तात्या जिना उतरू लागले, एक हात भिंतीला, एक रस्त्यावरून वर आलेल्या एजंटच्या खांद्यावर, डोळे मिटलेलेच. तळमजल्यावर मागच्या बाजूला एका कुलपापाशी थांबले.

"इथं."

एजंट खजील झाला. "ही? ही आमच्याकडेच आहे विकायला. दोन वर्षं झाली. पण हिची जाहिरातच देत नाही मी. देणार काय? ऊन नाही, वारा नाही, खिडकीतून दिसतात ते पाइप. माझ्याकडे हिच्यासाठी शब्दच नाही, काका."

"किल्ली आहे ना?"

खोली पाण्याच्या तळासारखी होती. हिरवट, गार, गप्प. भिंतीला ओल होती. तात्या मोरीत जाऊन उभे राहिले आणि वरून, अगदी डोक्यावरून, स्वच्छ आवाज आला.

"अरे बोंबल्या, ऐकतोयस की मेलास?"

लहानपणी तात्यांना घरात याच नावानं हाक मारायचे. पन्नास वर्षांत कुणी मारली नव्हती.

एजंटनं न राहवून वर बघत हातच वर केला, तिथं बघायला कुणी नसताना.

अक्काला कळलं तेव्हा ती म्हणाली, "त्या कोंदट बिळात? तिथं झुरळंसुद्धा टिकत नाहीत." पण मोरीची खिडकी त्या दिवसापासून तिनं कधी लावली नाही.

महिन्याभरात दोघं राहायला आले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. हाक नाही. तात्या निम्मा दिवस मोरीच्या उंबऱ्यावर बसून असायचे. बायको कावली. "वन्सं धडधाकट आहेत हे चांगलं झालं ना? मग तोंड पाडून काय बसलाय?"

पाचव्या दिवशी दुपारी हाक आली. तात्या अनवाणी जिना चढून गेले, दोन-दोन पायऱ्या. अक्का मशीनपाशी बसलेली, हातात सुई.

"पडलीस?"

"पडायला कशाला हवं? दोरा ओवून दे. तासभर झटतेय."

तात्यांनी सुई उजेडात धरली. भोक दिसेना. दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. अक्का बघत होती.

"चाळीस वर्षं नाव चालवली म्हणे."

"नावेला एवढं बारीक भोक नसतं," तात्या म्हणाले. मग मोरीत गेले, खिडकीत डोकं घातलं आणि नदीपलीकडच्याला द्यावी तशी बायकोला हाक दिली.

खालून उत्तर आलं, "ओरडू नका! ऐकू येतं!"