गिरिजक्कांची काच आणि माझा साबण

काय सांगू तुम्हाला, स्वच्छतेपायी अब्रू गेलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. मला बघून घ्या!

नवनगरात आमच्या शेजारी गिरिजक्का राहतात. त्यांच्या हॉलमध्ये माशांची काचेची टाकी आहे. पाणी इतकं नितळ की मासे हवेत पोहतायत असं वाटावं. आमच्या महिला मंडळाच्या बायका त्यांच्याकडे गेल्या, की तासभर नुसत्या 'अगंबाई, किती छान' करत बसायच्या. माझ्याकडे आल्या, की पंखा वाढव म्हणायच्या. मनाला लागणार नाही?

ह्यांच्या मागे लागून मीही टाकी आणवली. दोन गोल्डफिश सोडले. पुढच्या रविवारी आमच्या घरी बुद्धवंदना होती, सगळं मंडळ येणार होतं. म्हटलं, आता बघू कोण काय म्हणतं!

तिसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. मी काय केलं? टाकी रिकामी केली, गोटे घासले, काच घासली, नवं पाणी भरलं. दोन दिवसांत पुन्हा धुवण! पुन्हा घासलं. आमच्याकडे नळाला रोज कुठे पाणी येतं? पिंपातलं साठवलेलं सगळं टाकीत.

हे तारिहाळच्या कारखान्यातून दमून आले. पिंपात वाकून म्हणाले, "अगं, आज अंघोळ मीही टाकीतच करू का?"

शेवटी नाक मुठीत धरून गिरिजक्कांकडे गेले. "अक्का, पाण्यात घालता तरी काय?"

"एनू माडंगिल्ल री, वैनी. काहीच करत नाही बघा."

काहीच करत नाही! मला समजत नाही का? बायका आपल्या आमटीचा मसाला सांगत नाहीत, तशातली गत!

शुक्रवारी सकाळी त्या स्वतःच एक डबा घेऊन आल्या. आत स्पंजचा तुकडा. काळपट, बुळबुळीत, वास मारणारा.

"हे तुमच्या फिल्टरमध्ये घाला. आहे तसंच घाला हं."

आहे तसंच? म्हणजे हिच्या घरची घाण माझ्या टाकीत! रविवारी मंडळासमोर माझं हसं व्हावं म्हणूनच ना? रोज वंदनेत मी सर्वांचं मंगल होवो म्हणते हो, पण त्या क्षणी 'सर्वांत' गिरिजक्का बसेनात.

मी तो स्पंज गरम पाण्यात बुडवला. भांड्यांचा साबण लावून तीनदा चोळला, चारदा खळबळला, गच्चीवर उन्हात वाळवला. खरा निळा रंग निघाला! मग घातला फिल्टरमध्ये.

शनिवारी त्यांचा डबा परत द्यायला गेले. रिकामा कसा देणार, म्हणून चिवडा भरून नेला. आणि पाहते तर काय, त्यांच्या टाकीतलं पाणीही जरासं धुरकट! खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला मुलगा दहावी पास झाला तेव्हाही झाला नव्हता. घरी येऊन मी शिरा केला.

रविवार उजाडला. माझी टाकी पहिल्यापेक्षा पांढरी. वंदना झाली, खीर वाटली. एक मावशी टाकीपाशी गेल्या. "आत मासे आहेत का गं?"

मला झोंबलं. समोर गिरिजक्का बसलेल्या. मी मोठ्याने म्हटलं, "अक्कांनी स्पंज दिला होता ना! फार घाण होता हो. मी साबणाने धुऊन घातला, तरी असं!"

गिरिजक्कांच्या हातातला चमचा थांबला.

"अय्यो वैनी! धुतला? पाणी निवळवणारे बारीक जीव त्या मळातच राहतात. नव्या टाकीत ते नसतात. दोन वर्षं जपला होता मी. तुमचा रविवार चुकू नये म्हणून माझा अर्धा कापून दिला, म्हणून तर माझंही पाणी बिघडलं."

बायकांत मग जे हसू फुटलं! मला तोंड लपवायलाही जागा नव्हती. आणि मी? त्या बिघडलेल्या पाण्यावर शिरा खाल्ला होता!

"अक्का, चुकलं माझं," एवढंच कसंबसं म्हणाले.

त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन दारात हजर. मी हात पुढे केला, तर त्यांनी डबा मागे घेतला आणि ह्यांना हाक मारली.

"अण्णा, हे तुम्हीच घाला. वैनींचे हात फार स्वच्छ आहेत."