रशियाचे बांगडे

इन्स्पेक्शन चालू होतं. मागच्या बाकावर साहेब, शेजारी घाम पुसणारे आमचे हेडमास्तर, आणि रशियाने शांततेचा ठराव हाणून पाडलेला.

रशिया म्हणजे नववीतली सुशी. सन साठच्या आसपासची गोष्ट. पेपरात रोज अमेरिका-रशियाची जुंपलेली असे, म्हणून नमुना पाठाला मी वर्गातच संयुक्त राष्ट्रसंघ भरवला. देशांच्या चिठ्ठ्या इन्स्पेक्शनच्या बऱ्याच आधी टाकल्या. रशिया सुशीला, अमेरिका रतनला, भारत मी स्वतः, अलिप्त. मी वालावलचा, खाडीकाठचा, मालवणात नवखा. दोघींची घरं दोन वेगळ्या रापणींतली, हे मला काय ठाऊक? रापण म्हणजे अनेक घरांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोन रापणींत जागेवरून कायम धुसफूस.

आठवडाभरात मासळीबाजारात गट पडले. सुशीची आई हाक मारी, "घेवा मास्तरांनू, दोन बांगडे वर घातलंय. अमेरिकेकडे जाव नकात." की पलीकडून रतनची आई मूठभर पेडवे पिशवीत टाकी. अलिप्त राष्ट्राला दोन्हीकडून मदत मिळते, हे मी वर्गात शिकवत होतो आणि घरी बायको ते तळत होती.

पण आज माझी नोकरी कायम व्हायची होती. पाठ फसला तर जूनमध्ये घरी बसायचं. आणि नकाराधिकार म्हणजे एका बड्या देशाने 'नाही' म्हटलं की ठराव संपला.

"तिला हो म्हणायला लावा हो," हेडमास्तर कुजबुजले.

"सुशी, रशियाची अडचण काय?"

"सर, अमेरिकेची होडी आमच्या रापणीच्या जागेत उभी आहे. ती हलयल्याशिवाय शांतता नाय. आवशीन सांगल्यान हा."

म्हणजे आईचा हुकूम. रतन ताडकन उठली. "आधी रशियान आमची दोरी परत करूक व्हयी."

मी दोघींच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. भारतातर्फे मध्यस्थी केली: होडी संध्याकाळी हलेल, दोरी सकाळी मिळेल. दोघींनी हात वर केले. साहेबांनी शेरा लिहिला, 'पाठ अत्यंत जिवंत.' मी कायम झालो.

साहेबांसमोर दिलेला शब्द म्हणून मोठ्यांनीही तह पाळला. दुसऱ्या दिवशी बाजारात दोघी आया शेजारी शेजारी पान खात बसल्या होत्या. मी सवयीने पिशवी उघडी धरून उभा राहिलो.

"वर कशाक?" सुशीची आई म्हणाली. "आता आमचो भाव एकच, मास्तरांनू."

घरी बायकोने बांगडे मोजले. "वरचे खंय?"

"तह झाला."

"तुमका मधी पडूक सांगल्यान कोणी?"

पुढे निवृत्त होईपर्यंत नागरिकशास्त्र शिकवलं. शांततेचे फायदे दर वर्षी फळ्यावर लिहून दिले. तोटा एकच, तो कधी लिहिला नाही.